रुखवतातला कॉम्प्युटर

दुकानात आलेल्या माणसाला मी दोन प्रश्न विचारायचो. बजेट किती, आणि वापरणार कोण. पहिल्या प्रश्नाला माणूस जरा दबायचा, इकडेतिकडे बघायचा. दुसऱ्याला मात्र मोकळं बोलायचा, मुलाचे मार्क सांगायचा, जावयाची नोकरी सांगायचा. मी मान डोलवत ऐकायचो. लोकांना वाटायचं, हा माणूस आपुलकीने विचारतोय. सुरुवातीला होतंही तसंच.

जळगावात माझं छोटं दुकान होतं. आधी रेडिओ-टेप दुरुस्तीचं. ऐंशीचं दशक संपता संपता मी समोर एक काचेचं कपाट केलं आणि त्यात कॅल्क्युलेटर, आकडे दाखवणारी घड्याळं, वॉकमन असलं मांडायला लागलो. दहावी पास झालेल्या भाच्यासाठी मामा यायचा. रिटायर होणाऱ्या हेडमास्तरांसाठी वर्गणी घेऊन तिघं शिक्षक यायचे आणि दुकानातच भांडायचे. "सरांना वॉकमन देता? ते गाणी ऐकत बसणार का?" "मग काय कॅल्क्युलेटर? जन्मभर गणित शिकवलं, आता तरी सोडा त्यांना." शेवटी भिंतीवरचं घड्याळ घेऊन जायचे. मी त्यांच्या गळ्यात कधी महाग वस्तू मारली नाही. हे सांगतोय ते स्वतःची बाजू मांडायला नाही. मी कधीतरी बरा दुकानदार होतो, एवढंच.

नव्वदीनंतर कॉम्प्युटर आले. मी मुंबईहून सुटे भाग आणायचो आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जोडायचो. गिऱ्हाईक आलं की पाठकोऱ्या कागदावर यादी करायची: मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्डडिस्क, मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड. बजेट कमी असेल तर एकेक वस्तू उतरवायची. कुठे उतरवायची, ही खरी कला. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की माणूस मॉनिटर बघतो, कॅबिनेट बघतो, कीबोर्ड दाबून बघतो. आतलं कोणी बघत नाही. आणि "वापरणार कोण" याचं उत्तर मिळालं की आतलं कोण बघेल, हेही कळतं. प्रश्न तोच राहिला. मी विचारत होतो त्याचं कारण बदललं.

ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते गृहस्थ अमळनेरजवळच्या एका गावचे. जिनिंगमध्ये काट्यावर होते, म्हणजे आलेल्या कापसाचं वजन करून चिठ्ठी द्यायची. तीस वर्षं तेच केलं आणि नुकतेच घरी बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाकावं लागायचं. बरोबर त्यांची थोरली मुलगी होती.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, "आबा, बजेट किती धरायचं?"

"पंचेचाळीस हजार," ते म्हणाले. लाजले नाहीत.

"आणि वापरणार कोण?"

त्यांनी मुलीकडे हात केला आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "मनी पोर. ती सांगी ते लिखा. पैसा मना, पन अक्कल तिनी."

मुलीचं लग्न ठरलं होतं, धुळ्याला. सासरच्यांनी रुखवतात फ्रिज मागितला होता. मुलीने अमळनेरला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, एका प्रेसमध्ये वर्षभर मराठी टायपिंग केलं होतं. लग्नानंतर बाहेर नोकरी करायची नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. घरात बसून काय करायचं ते कर, पण मशीन माहेरचं आण. तेव्हा आबांनी त्यांना सांगितलं, फ्रिज नाही, कॉम्प्युटर देतो. बैठकीत सगळे सासूबाईंकडे बघायला लागले म्हणे. मग होणारा जावई म्हणाला, चालेल. हे सगळं त्या मुलीने मला सरळ सांगितलं, जणू यादीतच लिहायचं होतं.

रुखवत म्हटल्याबरोबर मी पेन उचललं आणि यादीत स्पीकर लिहिले, सीडी ड्राइव्ह लिहिला. "मांडवात चार लोक बघतात. स्पीकर शोभतात."

"शोभेला भांडी आहेत," ती म्हणाली. माझ्या हातातून पेन घेतलं आणि दोन्हीवर काट मारली. "मॉनिटर चौदा इंचीच ठेवा. पण रॅम आठ एमबी नको, सोळा लावा. मराठी फॉन्टमध्ये पान लावायला घेतलं की आठवर मशीन रडतं. आणि मदरबोर्ड चांगला द्या, दादा. मला यावर पोट भरायचंय."

आबा हसले. "देखा? मी सांगं होतं ना."

मला यावर पोट भरायचंय. हे वाक्य तिने माझ्यासमोर, माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हटलं होतं. मला माहीत नव्हतं, असं मी कोणालाच सांगू शकत नाही.

लग्न मे महिन्यात होतं. मी मुंबईहून दोन नवे बोर्ड आणले होते. एक त्याच आठवड्यात गेला. राहिला एक, तो आबांच्या मशीनसाठी. त्याच वेळी गावातल्या एका वकिलांचा कॉम्प्युटर तिसऱ्यांदा बंद पडून परत आला. वकील दुकानात उभे राहून आरडाओरडा करायचे. ग्राहक मंचात खेचतो म्हणायचे, रस्त्यावरची माणसं थांबून ऐकायची. मी घाबरलो. नवा बोर्ड त्यांच्या मशीनला लावून दिला.

आबांसाठी माझ्याकडे एक जुना होता. एका डॉक्टरांच्या मशीनमधून काढलेला, एका ठिकाणी जळालेला. मी त्यावर एक बारीक तार डाग देऊन जोडली होती आणि तो चालू केला होता. दोन दिवस टेबलावर चालवून बघितला. चालला. मी तो ब्रशने साफ केला, नव्या कॅबिनेटमध्ये बसवला, स्क्रू आवळले. पैसे नव्याचे घेतले. स्वतःशी म्हटलं, लग्नात नुसता मांडायचाच आहे. पुढच्या खेपेला नवे बोर्ड आले की धुळ्याला जाऊन बदलून देऊ, कोणाला कळणारही नाही.

पुढच्या खेपेला सहा बोर्ड आले. सहाही विकले. धुळ्याला जाणं राहून गेलं. राहून गेलं हा शब्दही खरा नाही. मी गेलो नाही.

लग्नाला मला आग्रहाने बोलावलं होतं, कारण मांडवात मशीन चालू करून दाखवायला कोणीतरी हवं होतं. रुखवत शाळेच्या बाकांवर मांडलं होतं. हंडे, पराती, डबे, पितळी समई, विणलेलं तोरण, साखरेचं तुळशीवृंदावन, आणि मधोमध कॉम्प्युटर. कीबोर्डवर हळदीकुंकू वाहिलेलं. मॉनिटरला हार. मी हार बाजूला सारला तेव्हा कॅबिनेटच्या बाजूला नजर गेली.

आमच्याकडे लेकीला दिलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालतात. छोटं विजेचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो, कर्रर्र आवाज करत भांड्यावर अक्षरं कोरतो: कोणाकडून, कोणाला, कोणत्या तारखेला. आबांनी भांड्यांबरोबर कॉम्प्युटरवरही नाव घालून घेतलं होतं. बदामी रंगाच्या पत्र्यावर, खालच्या कोपऱ्यात, मुलीचं संपूर्ण नाव. सासरचं नाही, माहेरचं. रंग खरवडून आतला पत्रा चमकत होता.

"कसं शे?" आबांनी मला विचारलं.

"छान केलंत," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

एवढ्यात वरपक्षाच्या बायका आल्या. एक म्हातारी मॉनिटरसमोर वाकून म्हणाली, "यामा टीव्ही दिखस का?"

"नाही आजी, यावर टाइप करतात."

"टीव्ही बी नही? इतला पैसामा दोन म्हशी उन्या व्हत्या!"

हशा पिकला. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आम्ही आपला फ्रिज सांगितला होता. पण सूनबाईंना हापिस थाटायचंय."

कोणीतरी म्हणालं, बोलवा नवरीलाच, चालवून दाखवू दे. ती शालूत, मुंडावळ्या बांधलेली आली. हातभर हिरव्या बांगड्या. उभ्याउभ्याच वाकून तिने कीबोर्डवरचं हळदीकुंकू झटकलं आणि टाइप केलं, सर्वांनी जेवून जावे. अक्षरं मोठी केली. लहान मुलं ओरडून वाचायला लागली. सासऱ्यांनाही हसू आलं. आबा मागे उभे होते, टोपी काढून घाम पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

मशीन त्या दिवशी नीट चाललं.

पावसाळ्याच्या मध्यावर एके दिवशी आबा दुकानात आले. गोधडीत गुंडाळलेलं कॅबिनेट दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. धुळ्याहून एसटीने आले होते, तीन तास ते मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला वर टाका, यांनी नाही टाकलं.

झालं असं होतं. मुलीला पहिलं मोठं काम मिळालं होतं, एका पतपेढीचा वार्षिक अहवाल. चाळीस पानं, बरेचसे तक्ते. तिने तो जवळजवळ पुरा करत आणला होता. परवा सकाळी मशीन सुरूच होईना. पतपेढीवाल्यांना सभेची घाई होती. त्यांनी मजकूर परत नेला आणि दुसरीकडे दिला. सासूबाई म्हणाल्या, बघितलं? फ्रिज असता तर दूध तरी नासलं नसतं.

"तुम्ही देखा भाऊ," आबा म्हणाले. "पंधरा दिवसमा चालू झायं तर अजून एक काम शे म्हने. जावई सांगस, तेवढं थांबू."

मी झाकण काढलं. त्या काळी कॅबिनेटचं झाकण एकसंध असायचं, वरून आणि दोन्ही बाजूंनी. ते उचलून काउंटरवर ठेवलं, नाव वरच्या बाजूला आलं. आत वास येत होता. माझी तार सुटली होती आणि जिथे सुटली होती तिथे बोर्ड काळा पडला होता. एका नजरेत कळलं. झाकणाची आतली बाजू मी बोटाने पुसून बघितली. स्वच्छ होती. कोरलेलं बाहेरच्या बाहेर राहिलं होतं, आत एक कण पडला नव्हता. हे मी बघितलं, बोट पॅन्टला पुसलं, आणि मग बोललो.

"आबा, हे नाव कोणी घातलं?"

"भांडावाला. का?"

"मशीन लावून घातलं ना त्याने? कर्रर्र असं? त्याचा हादरा आत बसतो. पत्र्याचा भुगा आत जातो. बोर्डावर पडला की संपलं."

ठरवून बोललो नव्हतो. तोंडातून निघून गेलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण एक वाक्य निघून जातं. मी चार बोललो.

आबा झाकणाकडे बघत राहिले. "नाव टाकं म्हनीसन बिघडनं?"

"हं."

"मंग मनामुयेच झायं हाई." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

मी म्हणायला हवं होतं, नाही. एक शब्द होता. मी म्हणालो, "तुम्हाला काय माहीत असणार, आबा. पण असं झालं की गॅरंटीत बसत नाही. तरी आपल्या संबंधामुळे बोर्डाचे अर्धे मी सोसतो."

अर्धे मी सोसतो! आजही हे वाक्य आठवलं की मी चालता चालता थांबतो.

त्यांनी पैशाचं काही विचारलं नाही. माझ्या काउंटरवर कानस पडलेली होती, ती उचलली. "हाई घासी काढं तं चालू व्हयी का?"

"नाही आबा. आता त्याचा उपयोग नाही."

त्यांना ते ऐकू आलं नसावं, किंवा आलं असेल. ते नाव घासायला लागले. शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली. तीस वर्षं काट्यावर वजनं उचललेले हात, सावकाश, दाबून. बदामी भुगा काचेवर सांडत होता. आडनाव गेलं. स्वतःचं नाव गेलं. मग मुलीच्या नावाचा शेवट. मी समोर बसलो होतो. हात धरला नाही. तेवढ्यात कोणी कॅल्क्युलेटरचा सेल घ्यायला आलं आणि आबांनी ओशाळून कानस खाली ठेवली. मुलीच्या नावाची पहिली दोन अक्षरं राहिली.

"धुळ्याले ईचारीसन सांगस," म्हणाले, आणि कॅबिनेट तिथेच ठेवून गेले.

महिन्याभराने निरोप आला की नको. मशीन आणायला कोणी येणार नाही. मॉनिटर जावयाने कुणाला तरी दिला. मुलीला सासूबाईंनी साड्यांना फॉल-पिको करायचं मशीन आणून दिलं, ते काम घरात बसूनच करता येतं. मी नवा बोर्ड बसवून ते कॅबिनेट धुळ्याला पाठवू शकत होतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. पण फुकट पाठवलं असतं तर आबांनी विचारलं असतं, का. म्हणून नाही पाठवलं. आतले बाकीचे भाग मी पुढे दुसऱ्या मशीनमध्ये वापरले. झाकण तेवढं माळ्यावर टाकलं.

दोन वर्षांनी आबांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका द्यायला स्वतः आले होते. गेलो नसतो तर बरं दिसलं नसतं, म्हणून गेलो. रुखवत होतं, भांडी पहिल्यापेक्षा जास्तच होती. मी सहज एक परात हातात घेतली, उलटी करून बघितली. कोरी. डबा उचलला, कोरा. हंडा, तांब्या, समई, एकावरही नाव नव्हतं. बायकांत कुजबुज होती. वाटलं असेल, कुणाकडून उसनी आणून मांडलीत की काय. आबांची बायको मला म्हणाली, "काय सांगू भाऊ, ऐकतच नाहीत. नाव घातलं की वस्तू लाभत नाही लेकीला, म्हणतात. भांडेवाला दारातून परत पाठवला."

परात हातात तशीच धरून मी उभा होतो. तेव्हा थोरली आली. वाळली होती. कडेवर मूल.

"दादा, एक विचारू?" ती म्हणाली. "नाव घातलं म्हणूनच गेला होता का तो? खरं सांगा. माझा नाही विश्वास बसत. मी क्लासमध्ये कॅबिनेट उघडलेलं बघितलंय. बाहेरून कोरलेलं आत कसं जाईल?"

तिचं बरोबर होतं. तिला सगळं कळत होतं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं. पाच पावलांवर आबा वरपक्षाला पाट मांडत होते. मी हो म्हटलं नसतं तर ती तिथल्या तिथे त्यांच्याकडे गेली असती, आणि त्या माणसाला मुलीच्या लग्नातच मोकळं झाल्यासारखं वाटलं असतं. आणि भर मांडवात सगळे माझ्याकडे वळले असते. मी हा हिशेब केला. तिला म्हटलं, "हो. तसंच होतं त्याचं."

"बरं," ती म्हणाली. मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "जेवून जा."

मी पंगतीत बसलो आणि वरणबट्टी खाल्ली. तूप वाढायला आबा स्वतः आले होते.

पुढे दुकान वाढलं, मग मंदावलं, मग मी ते विकलं. आबा गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं. त्याच आठवड्यात मी धुळ्याला पत्र लिहिलं. बोर्ड, वकील, तार, झाकणाची स्वच्छ आतली बाजू, लग्नातलं माझं हो, सगळं. माफी मागितली नाही, मागायची कशी ते सुचलं नाही. खाली फोन नंबर दिला.

आठ दिवसांनी फोन आला. मागे कुठेतरी मशीन चालल्याचा आवाज येत होता, फॉल-पिकोचंच असावं.

"आबा गेल्यावर सांगितलंत," ती म्हणाली.

"हो."

"शेवटी दवाखान्यात होते तर मला म्हणाले, तुझं मी वाटोळं केलं. मी म्हटलं, नाही हो आबा, काहीतरीच काय. त्यांना वाटलं मी समजूत घालतेय."

मी मूर्खासारखं म्हणालो, "ते झाकण आहे अजून माझ्याकडे. म्हणत असाल तर आणून देतो."

"त्यावरचं नाव पूर्ण गेलंय का?"

"नाही. पहिली दोन अक्षरं आहेत."



"मग ठेवा तुमच्याचकडे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.